संयम नव्हे, मास्तर

जेवण झालं की आठल्ये मास्तरांचे डोळे आधी मिटतात, कान मागाहून. आज खालच्या मोरीतली भांड्यांची खडखड ऐकता ऐकता ती जिन्यावरच्या बुटांची होते आणि रोल्फ आत येतो. रोल्फ वारून दीड वर्ष झालंय, हे मास्तरांना ठाऊक आहे. तरी ते खुर्ची पुढे करतात.

तरुणपणी हा जर्मन माणूस पुण्यात त्यांच्या घरी राहून मराठी शिकला. पुढे आपल्या गावी वकील झाला, भाडेकरूंचे खटले लढला, नगरसेवक झाला, नगराध्यक्षही. त्याच्या आठवणींचं मास्तरांनी केलेलं भाषांतर उद्या छपाईला जायचंय.

चहात अजून तीन चमचे साखर घालता का, असं रोल्फ चिडवतो. मग खुर्ची जवळ ओढतो.

"मतदानाच्या पानावर काय लिहिलंत, मास्तर?"

निर्वासितांचं वसतिगृह बंद करायचं का, यावर ते मतदान होतं. रोल्फचा शब्द होता ‘एन्थाल्टुंग’. त्याचा अर्थ संयम असाही होतो. पण सभेत त्याचा अर्थ एकच, मत न देता बसून राहणं. मास्तरांनी लिहिलं, ‘मी संयम राखला.’ चूक त्यांना परवाच कळली. काल प्रकाशकानं फोनवर विचारलं, काही दुरुस्ती? आता कशाला कुणाला त्रास, म्हणून ते नाही म्हणाले.

"एका मतानं वसतिगृह गेलं. लोक सामान घेऊन बर्फात उभे होते," रोल्फ म्हणतो. "मी घाबरलो होतो, मास्तर. तेवढं कबूल करायलाच पुस्तक लिहिलं. तुम्ही मला साधू करून टाकलंत."

खोलीचं सभागृह झालंय. बाकं मात्र वाचनालयातली, आणि नगरसेवक वर्तमानपत्रांत तोंड खुपसून बसलेत. कुणीतरी विचारतं, विरोधात कोण? खिडकीबाहेर बर्फ पडतोय, गाठोडी घेतलेली माणसं आत बघतायत. मास्तरांना हात वर करायचाय. तो मांडीवर पडून आहे, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"नाही रे जमत."

"मलाही नव्हतं जमलं," रोल्फ म्हणतो आणि त्यांचं मनगट धरून जिवाच्या आकांतानं वर ओढतो.

मास्तर जागे होतात. ऊन भिंतीवर आहे. मनगटावर चार बोटांचे लाल वळ, आतल्या बाजूला अंगठ्याचा. ते प्रकाशकाला फोन लावतात आणि वळांकडे बघत राहतात. एकेक वळ फिका पडत चाललाय, आणि पलीकडे अजून कुणी फोन उचलत नाहीये.