बंद दारापुढची हाक

साठ सालाच्या सुमारास आर्णीत आम्ही काहीजण मजुरांच्या पोरांना संध्याकाळी फुकट शिकवायचो. मी कचेरीतला कारकून, गणित घ्यायचो. पोरं गोळा करायची ती कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला असलेली एक बाई. जिनिंगमधून सुटली की केसांतला कापूसही न झटकता दारोदार नावानं हाका मारत यायची. शेवटची हाक माझ्या खोलीपुढं, "मास्तर, चला!"

कापूस वेचायला घरंच्या घरं परगावी गेली, तरी कुलपं लावलेल्या दारांपुढं ती हाक मारायचीच.

"कोणी नाही घरात, बाई. काहून ओरडता?"

"दाराले सवय राहू द्या, मास्तर. पोरं येतीन वापस."

पुढं माझी उमरखेडला बदली झाली. तिथंही संध्याकाळी मी दार उघडंच ठेवायचो. एकदा स्टँडवर आर्णीचा शेजारी भेटला. म्हणाला, "तुमच्या खोलीतला नवा भाडेकरू लय चिडते, मास्तर. बाई रोज त्याच्या दारापुढं तुमालेच हाक मारते."