दादाचं चूलबंद आवतण

मला मुरबाडला दिली, तरी माहेरच्या कारभारातून मी अजून निवृत्त झालेली नाही. खर्डीजवळच्या आमच्या गावात काही ठरायचं असलं की एसटी आणि जीप बदलत मी हजर. वहिनी विचारते, "वन्सं, तुमी तिकडं नांदता का नुसत्या मुक्कामाला जाता?"

त्या रविवारच्या चालण्याचं खूळ माझंच. दोन वर्षांपूर्वी माझ्या दादाला जगणं नकोसं झालं होतं. आम्हाला ते वेळेत कळलं, हे आमचं भाग्य. शहापूरला मंगळवारी मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. त्यांच्या गोळ्यांनी आणि बोलण्याने तो सावरला. गावात मात्र आम्ही पोटाचा आजार सांगितला होता, आणि त्या खोट्यानेच त्याला घरात कोंडलं. शेतावर जायचा, परत यायचा, कुणाच्या ओट्यावर टेकायचा नाही. आधी हाच माणूस गावातल्या प्रत्येक कार्याचं आवतण द्यायला दारोदार फिरायचा. मला तो दादा परत हवा होता.

बेत साधा होता. गावातून खर्डी स्टेशनपर्यंत चालत जायचं, परत यायचं. येणाऱ्यांनी जमेल ते द्यायचं, त्या पैशांतून मंगळवारी एक जीप ठरवायची, म्हणजे पाड्यांवरच्या माणसांचे उपचार भाड्यापायी सुटणार नाहीत. मी मोबाइलवर सूर्यफूल टाकून झकास पोस्टर केलं. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. शुक्रवारी विचारलं तर नक्की येणार कोण? मी, वहिनी आणि शाळेच्या बाई.

दादा ओटीवरून ओरडला, "मोबाइलवर कोन येतो गो? दारात जाऊन आवतण दिलं का?"

"मग तूच दे ना!" मी फटकन बोलले आणि जीभ चावली.

तो उठला, खुंटीवरचा शर्ट घातला, चपला पायात सरकवल्या आणि निघाला. मी पदर सावरत मागे.

पहिलं घर शेजारच्या काकांचं. गावातलं सगळ्यात मोठं हसू त्यांचं. दादाला दारात बघून ते म्हणाले, "कोनाचं लगीन काढलं रे?"

"लगीन नाय, काका." दादा उंबऱ्याशीच थांबला. "मी आजारी होतो ना, ते पोटानं नाय, मनानं. जगावंसं वाटत नव्हतं. आता बरा हाय. माझ्यासारख्यांसाठी रविवारी चालायचं हाय. सगळ्यांनी यायचं, चूलबंद."

काका हसले नाहीत. "येतो," एवढंच म्हणाले.

दहाव्या घरापर्यंत दादाचा आवाज असा मोकळा झाला की मला रडू फुटायचं बाकी होतं. त्या नादात एक मोठी चूक माझ्या कानांवरून गेली. आमच्याकडे आवतण दोन तऱ्हांचं. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकाने यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी कार्याच्या घरी जेवायचं. दादाने जुन्या सवयीने घरोघर चूलबंद देऊन टाकलं होतं.

रविवारी सकाळी अख्खं गाव आमच्या अंगणात. बायका लग्नातल्या साड्यांत, पोरं तेल लावून भांग पाडलेली, हातात आहेराची पाकिटं आणि सगळे उपाशी. आमच्याकडे केळ्यांच्या दोन फण्या आणि बिस्किटं.

"वन्सं, ह्यांना चालवायचं का जेवू घालायचं?" वहिनीने दात-ओठ खात विचारलं. माझं तोंड उतरलं.

काका अंगणाच्या मधोमध उभे राहिले. "आदी चाला, मग जेवा! घरटी एक शेर तांदूळ आनि मूठभर डाळ आना!" लग्नाची मोठी पातेली त्यांनीच आणवली, चार बायांना चुलीपाशी बसवलं आणि स्वतः दादाच्या बरोबरीने चालायला लागले. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले नवरदेव शोधत होते. दादाने त्यांनाही सगळं खरं सांगितलं. इतक्या खुशीत मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

परत येऊन आहेराची पाकिटं जीपसाठी जमा केली आणि पंगत बसली. गरम भात, वरण. काका वाढत होते. दादापाशी आले आणि पळी हातात तशीच राहिली. आता ते स्वतःच हे सगळ्यांना सांगतात, म्हणून लिहिते.

"मलापन झोप नाय रे, किती दिवस. नको नको वाटतं सगळं. घरी बोललो नाय कुनाला."

दादाने ताट बाजूला सारलं, त्यांना शेजारी बसवलं. "मंगळवारी आठला जीप हाय. मी येतो बोलवायला."

मंगळवारचं वहिनीने फोनवर सांगितलं. जीप येऊन उभी, आणि काका इस्त्रीचा शर्ट घालून दारातच. पाय बाहेर पडेना. दादा त्यांच्या उंबऱ्याशी गेला.

"काका, आवतण द्यायला आलोय. पन आज घरटी एक बरं का. काकूला चूल पेटवू दे."

काका एवढ्या मोठ्याने हसले की वहिनीला आमच्या चुलीपाशी ऐकू आलं. मग दोघं जीपमध्ये बसले.