जबल अलीतलं एक कुटुंब

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. शारजातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये मी अठरा वर्षं नर्स आहे. मुलगी शिकायला कॅनडाला गेली, नवरा आधीपासून सांगलीला त्याच्या कॉलेजात शिकवत, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटी उरले, तेव्हा नर्सिंगमधली डॉक्टरेट करावी असं मनात आलं. अभ्यासात वेळ जाईल, एवढाच खरं तर हेतू होता. लेक्चर्स ऑनलाइन असायची. पण माझा विषय फॅमिली प्रायमरी केअर, म्हणजे कुटुंबाच्या नेहमीच्या दुखण्याखुपण्यांची पहिली तपासणी. त्यासाठी कित्येक तास एखाद्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांच्या हाताखाली काढायचे होते. दुबईतल्या जबल अलीच्या लेबर कॅम्पांजवळच्या एका क्लिनिकने मला घेतलं.

मंगळवार आणि गुरुवार हे माझे तिथले दिवस. शारजाहून बस, मग मेट्रो, मग पुन्हा बस. शेवटच्या बसमध्ये बहुतेकदा मी एकटीच बाई असायचे. पुरुष आदबीने पुढची सीट रिकामी ठेवायचे, आणि कोणी बोलायचं नाही.

माझ्या मार्गदर्शक डॉक्टर सुदानच्या होत्या. साठीच्या, उंच, अगदी सावकाश बोलणाऱ्या. पेशंटला आधी मी तपासायचं, मग त्यांना दोन मिनिटांत सगळं सांगायचं, मग त्या बघणार, अशी पद्धत होती. मला वाटलं होतं, हे मला सोपं जाईल. पहिल्याच आठवड्यात कळलं की मला पेशंटशी बोलताच येत नाही. आयसीयूतले माझे पेशंट तोंडात नळी घेऊन पडलेले असत. त्यांचं सगळं मला मॉनिटर सांगायचा. इथे माणसं चालत येत, खुर्चीवर बसत आणि माझ्याकडे बघत राहत. मी प्रश्न विचारायचे, ती ‘हां’ किंवा ‘नहीं’ म्हणायची, आणि खलास.

तिसऱ्या आठवड्यात तो आला. कोकणात खेड तालुक्यातल्या एका गावचा, चव्वेचाळीस वर्षांचा, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा. डोकं दुखतं म्हणाला. मी हिंदीत विचारत होते, पण त्याचं हिंदी ऐकून मी मराठीवर आले. तो एकदम सरळ बसला.

“तुम्ही आपल्याकडच्या?”

मी सांगली म्हटलं. सांगलीशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. खरं सांगायचं तर मलाही. दिवसभरात मी मराठी बोलायचे ती फक्त फोनवर, आणि मुलगी तर फोनवरही इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची.

त्याचं ब्लडप्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे दहा होतं. गोळ्या रोज घेतो म्हणाला. मी डॉक्टरांना सगळे आकडे सांगितले आणि डोस वाढवावा असं सुचवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्याने सकाळी काय खाल्लं? त्याच्या खोलीत कोण आहे? तो आजारी पडला तर कोणाला सांगतो?” मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. डोस होता तेवढाच ठेवला आणि त्याला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं.

त्याच सुमाराला युनिव्हर्सिटीकडून असाइनमेंट आली. एक कुटुंब निवडा, कोर्सच्या शेवटपर्यंत त्याची तब्येत बघा, त्याचा तक्ता काढा: पुरुषांसाठी चौकोन, बायकांसाठी वर्तुळ, मधे नात्यांच्या रेघा. मी डॉक्टरांना म्हटलं, इथे येणारे सगळे एकटे, इथे कुटुंब कुठून आणू? त्या म्हणाल्या, “ते एकटे नाहीत. त्यांची कुटुंबं फक्त दुसरीकडे आहेत. फोन कर.”

दुसऱ्या भेटीत मी त्याला घाई केली नाही. मग हळूहळू बाहेर आलं. खोलीत सहा जण, स्वयंपाकाची पाळी, गावाहून आलेलं सुकट आणि लोणचं रोज भाताबरोबर. गोळी तो रोज घेतच नव्हता; डोकं दुखलं तरच घ्यायचा. घरी बायको, म्हातारी आई आणि दहावीतली मुलगी. मी असाइनमेंटचं समजावून सांगितलं आणि घरच्यांशी बोलू का असं विचारलं. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, बोला, पण माझ्या प्रेशरचं घरी सांगू नका.

“का?”

“ती तिकडे एकटी असते. रात्रंदिवस घोर लावून घेईल.”

मी कबूल केलं. तो बाहेर पडल्यावर कागदावर एक चौकोन आणि दोन वर्तुळं काढली. मुलीचं तिसरं वर्तुळ काढताना माझ्या लेकीची आठवण आली आणि मी पेन ठेवून दिलं.

पुढच्या गुरुवारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत, क्लिनिकच्या समुपदेशनाच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर बायको आली. पडवीत बसलेली, डोक्यावर पदर, चेहरा पांढराफटक. तो गमतीने बोलत होता. ती हसत होती, पण दोन वाक्यांनंतर दम खात होती. मी आयसीयूत अठरा वर्षं काढली आहेत. कोणाच्या अंगात रक्त नाही हे मला पडद्यावरूनही दिसतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, मला मॅडमशी बायकांचं काही बोलायचंय.” तो हसून बाहेर गेला. दार लागल्यावर तिने आवाज खाली आणला. आठ महिने तिला भयंकर अंगावर जात होतं. विहिरीपासून घरापर्यंत येताना दोनदा बसावं लागायचं. सासूला म्हातारपणात सांगून काय करायचं, आणि मुलीचं दहावीचं वर्ष.

“यांना सांगू नका,” ती म्हणाली. “ते तिकडे एकटे असतात.”

मी तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आधी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. याच आठवड्यात, असंही बजावलं. ती हो म्हणाली. पण ते हो मला ओळखीचं होतं. मीही नवऱ्याला असंच हो म्हणते.

तो आत आला, त्याने विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, तिने दवाखान्यात जाऊन यावं असं मी सुचवलंय. तो म्हणाला, तिला कुठे काय होतंय.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला बसवेना. दोघांची गुपितं माझ्याकडे, आणि दोन्ही एकाच कारणासाठी लपवलेली. मंगळवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि विचारलं, मी तिच्या नवऱ्याला सांगू का? माणूस दगावू शकतो.

त्यांनी स्पष्ट नकार दिला. “ते तुझं नाही. तू सांगितलंस तर दोघंही तुझ्याशी बोलणं थांबवतील. त्याला आधी त्याचं सांगू दे. तू फक्त बाजूला बस.”

त्या आठवड्यात मी बायकोला दोनदा फोन केला. ती गेली नव्हती. एकदा घरी पाहुणे होते, एकदा पाऊस. मग मी त्याला बोलावलं आणि म्हटलं, तुमच्या प्रेशरचं तुम्ही स्वतः घरी सांगा; खाण्यातलं मीठ कमी करायचं, रोज गोळी घ्यायची, हे आठवण करून द्यायला कोणीतरी हवं. तो नको नको म्हणत होता. शेवटी म्हणाला, तुम्ही इथेच थांबा मग.

कॉल लागला. त्याने खूप फिरवून फिरवून सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. तो म्हणाला, अगं, ऐकतेस ना? ती रडत होती. मग तिने तिचं सांगितलं, सगळं, माझ्यासमोर, थांबत थांबत. त्याने फोन टेबलावर उताणा ठेवला. तिला आता पडद्यावर आमच्या खोलीचं छत दिसत असेल.

तो माझ्याकडे वळला. “तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हटलं.

“किती दिवस?”

“बारा.”

त्याने फोन उचलला, तिला म्हणाला की मी येतोय, आणि उठून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याची फाइल टेबलावर उघडीच होती.

आठवड्याभरात तो सुट्टी घेऊन गावी गेला, हे मला त्याच्या खोलीतल्या एका माणसाकडून कळलं. तो माणूस काही महिन्यांनी कंबरदुखीसाठी क्लिनिकमध्ये आला होता. तिच्या अंगात साडेसहा टक्के रक्त निघालं होतं, चिपळूणला नेऊन दोन बाटल्या चढवल्या, आणि पुढे गर्भाशय काढावं लागलं. ती बरी होती. तिचा नवरा परत आला नव्हता. बहुतेक येणारही नव्हता, तिकडेच एका काजूच्या कारखान्यात लागला होता. प्रेशरची गोळी रोज घेतो का, असं मी विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं. माझ्याबद्दल काही म्हणाला का, हेही मी विचारलं, आणि विचारल्यावर लाज वाटली. तो म्हणाला, नाही, तसं काही नाही.

मी त्यांना फोन केला नाही. नंबर माझ्याकडे होता. पण ते माझे पेशंट राहिले नव्हते, आणि मला त्यांच्याशी बोलायचं होतं ते त्यांच्यासाठी की माझ्यासाठी, याची खात्री नव्हती. मंगळवार-गुरुवारी मी मराठीत कोणाशी तरी बोलायचे, ते बंद झालं होतं, एवढं मला चांगलं कळत होतं.

असाइनमेंट मी त्यांच्यावरच लिहिली, नावंगावं काढून. परीक्षकांनी लिहिलं की कुटुंबाशी संपर्क शेवटपर्यंत टिकलेला नाही, त्याचे गुण कमी केले आहेत. ते बरोबरच होतं. डॉक्टरांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “ती बाई जिवंत आहे, हे त्यांच्या कोणत्या रकान्यात बसतं ते त्यांना विचार.” मी विचारलं नाही.

त्यानंतर माझं बोलणं मात्र सुधारलं. मी पेशंटला आधी विचारायचे, घरी कोण कोण असतं. मग गप्प बसायचे. गप्प बसलं की माणसं बोलतात, हे मला तिथे कळलं. नेपाळचा एक प्लंबर अर्धा तास फक्त आपल्या म्हशीबद्दल बोलला आणि शेवटी छातीत दुखतंय म्हणाला.

शेवटच्या गुरुवारी डॉक्टरांनी माझ्या तासांच्या फॉर्मवर सह्या केल्या, एकेक पान उलटून. मग मला मिठी मारली आणि विचारलं, आता पहिल्यांदा कोणाला सांगणार? मी म्हटलं, नवऱ्याला. क्लिनिकबाहेर येऊन फोन लावला. तो परीक्षेच्या सुपरव्हिजनला होता, उचलला नाही. मुलीकडे पहाटेचे पाच वाजले होते. मी समोरच्या कॅफेटेरियात गेले, चहा घेतला, आणि बस येईपर्यंत बसून राहिले. आजूबाजूला गोदामांतली माणसं जेवत होती, बहुतेक सगळी फोन समोर उभा करून, घरच्यांशी बोलत बोलत.