अंगण वाळेपर्यंत

डहाणूला माझा सत्कार झाला तेव्हा सूत्रसंचालकांनी माझीच गोष्ट मला ऐकवली. धरणात गाव गेलेला एक मुलगा निर्वासितांच्या छावणीत पाटीसाठी रडत असे. पुढे तो शिक्षक झाला आणि म्हातारपणी, भूकंपाच्या धक्क्यांनी घराबाहेर पडलेल्या मुलांचे अश्रू पुसायला तंबूंत गेला. टाळ्या झाल्या. मी बोलण्यासाठी हात वर केला, पण तोवर चहा आला होता. म्हणून येथे लिहितो. मी पाटीसाठी कधीही रडलो नाही. पाटी माझ्याजवळ होती. तंबूंत मी कोणाचे अश्रूही पुसले नाहीत. मी तेथे शेण नेले.

सरकारी कागदांत आम्ही प्रकल्पग्रस्त होतो. तलासरीच्या बाजारात आम्हांला निर्वासित म्हणत, आणि मला तोच शब्द खरा वाटे. छावणी म्हणजे एका ओळीत उभ्या केलेल्या पत्र्याच्या शेडी, सगळ्यांची तोंडे रस्त्याकडे. आमच्या पाड्यावर शेजारच्या दोन घरांची दारेसुद्धा एका दिशेला नव्हती; जमीन बसू देईल तसे घर बसलेले असे. पण प्रत्येक घरापुढे सारवलेले अंगण असे. तेथे भात वाळे, तेथे पाहुणा टेके, आणि लहान मुलाला एकट्याने जाता येई ते तेथपर्यंतच. शेडीपुढे मात्र खडी होती. खडीवर कोण बसणार? संध्याकाळ झाली की मी आणि ताई जुन्या वाटेने निघत असू आणि वाट पाण्यात शिरे तेथे जाऊन बसत असू. आई आम्हांला हाका मारत मागून येई. तिला त्या पाण्याची फार भीती वाटे.

एका सकाळी तिने दारापुढची खडी बाजूला सारली, तांबडी माती घालून चोपली आणि जवळच्या गावातल्या गोठ्यातून शेण मागून आणले. सारवणारी बाई दारापासून सुरुवात करते आणि मागे सरत बाहेर निघते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आईने रस्त्याकडून सुरुवात केली. हाताचे अर्धगोल काढत ती दाराशी आली आणि उंबऱ्याच्या आत बसली. आम्ही दोघे आधीच आत होतो.

"वाळेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही," ती म्हणाली.

पत्र्याच्या त्या खोलीत आम्ही तिघे प्रथमच काही काम नसताना बसलो. आईने राखेतली रताळी काढली. त्या संध्याकाळी पाण्याकडे जायचे राहून गेले, आणि पुढेही राहिले.

माझी ताई उधव्याला असते. आईने उलटे सारवले, हे तिला मान्य नाही.

"आईला काय सारवता येत नव्हतं? तू त्या दिवशी तापानं फणफणला होतास. तुला काय आठवतंय, कपाळ?"

"तापलो होतो म्हणून आत पडून होतो. आतून दिसलं ते मला दिसलं."

"आणि शेण कालवलं कुणी? मी."

ते तिनेच कालवले असेल. त्यामुळे सारवण्याची दिशा बदलत नाही.

काही वर्षांपूर्वी तलासरीच्या बाजूला जमीन पुन्हा पुन्हा हादरू लागली आणि माणसे थंडीत तंबूंत झोपू लागली. एका शाळेच्या मैदानावरच्या तंबूंत मी रोज डहाणूहून जाऊ लागलो. शहरातून आलेल्या स्वयंसेविका मुलांना चित्रे काढायला देत, गाणी शिकवीत. चांगल्या मुली होत्या. त्यांना एकाच पोरीने हैराण केले होते. तिची आई चिकूच्या वाडीत मजुरीला जाई आणि दिवेलागणीनंतर परते. पोर दिवसभर मैदानात खेळे, तंबूत पाऊल टाकत नसे, आणि ऊन उतरले की उठून आपल्या तडकलेल्या घरी जाऊन भिंतीला पाठ लावून बसे. ती भिंत मी पाहिली होती. पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. आणखी एक धक्का तिला पुरेसा होता.

"आम्ही रोज समजावतो, गुरुजी," एक स्वयंसेविका म्हणाली. "ती हो म्हणते आणि जाते."

मी पोरीला विचारले, "तिथं काय आहे गं?"

"अंगण."

"आणि इथं?"

"इथं शाळेचं मैदान आहे," ती म्हणाली. एवढेही कळत नाही का, असा सूर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घमेलेभर शेण घेऊन गेलो. स्वयंसेविकेने नाकाला रुमाल लावला. "गुरुजी, मुलांना इन्फेक्शन झालं तर?"

"मला अजून झालेलं नाही. वाट पाहतोय."

पोरीने न सांगता पाणी आणले आणि शेण कालवले. तिच्या तंबूपुढे मी रस्त्याच्या बाजूने सारवू लागलो.

"आजा, उलटं चाललंय. दारातून लागायचं."

"मला शिकवू नकोस."

"मग अडकशील."

मी तंबूच्या तोंडाशी पोहोचलो आणि आत बसलो. बाहेर ओले अंगण चकाकत होते. स्वयंसेविका हसल्या, एकीने फळी टाकू का, असे विचारले. मी नको म्हणालो. पोर कमरेवर हात ठेवून थोडा वेळ पाहत राहिली, मग तंबूला वळसा घालून गेली, मागचे कापड उचलले आणि सरपटत आत आली.

"एकटा काय करशील इथं?" असे म्हणून ती माझ्याशेजारी बसली.

गुरुजी सारवता सारवता अडकले, असे त्या स्वयंसेविका अजून सांगतात. ताईही तेच म्हणते आणि वर हसते. मी जे केले ते आईने केले तसे केले, आणि समजून केले. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी मला उलट सिद्ध करून दाखवावे.

ऊन उतरले. पोरीने एकदा बाहेर पाहिले, पण ती उठली नाही. जमिनीखालून घुमल्यासारखा आवाज आला, कोपऱ्यातला हंडा किणकिणला. तिने वर पाहिले.

"पडलं तर?"

"कापड आहे. पांघरूण होईल."

तिची आई वाडीतून आली ती तंबूकडे न पाहता, सवयीने घराच्या वाटेला वळली. तोच आतून आवाज गेला, "आई, मी इथं आहे. पाय नको ठेवू, ओलं आहे."

बाई थांबली. वहाणा हातात घेऊन ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. अंगण केव्हाच वाळले होते. मी ते बोललो नाही. माझ्या आईनेही त्या दिवशी वाळल्याचे बराच वेळ सांगितले नव्हते, जरी ताईचे म्हणणे याबाबतही वेगळे आहे.