गोणपाटाची अंथरुणं

१९४४, डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुपारची जेवणं उरकून मी ओटीवर गोणपाटं शिवत बसले होते. दोन गोण्या उसवायच्या, एकमेकींना जोडायच्या, आत भाताचा पेंढा भरायचा आणि दाभणाने कडा शिवून टाकायच्या. अशी बावीस अंथरुणं आम्ही बायकांनी केली होती. हे तेविसावं. बोटं सुतळीने कापली होती आणि डोकं तापलं होतं.

आमच्या भाईंदरला दिवाळीनंतर मिठागरांवर कामाला घाटावरून माणसं यायची. सगळ्यांनाच काम मिळायचं नाही. ज्यांना मिळायचं नाही, ती स्टेशनाजवळ झाडाखाली नाहीतर बांधावर उघड्यावर निजायची. खाडीवरचं वारं थंडीत हाडात शिरतं. आदल्या वर्षी एक म्हातारा सकाळी उठलाच नाही. म्हणून यंदा आम्ही पाच जणींनी निवारा करायचं ठरवलं. माझ्या दिरांचं मिठाचं गोदाम नवं मीठ तयार होईपर्यंत रिकामं असायचं. त्याची किल्ली मी मागून घेतली. लढाईमुळे कापड मिळत नव्हतं, घोंगड्यांचं तर नावच नको. गोदामात मात्र रिकाम्या गोण्या ढिगाने पडलेल्या. त्यांची अंथरुणं करायची कल्पना माझी. आणि ती मी सगळ्यांना फार अभिमानाने सांगितली होती.

पाच जणी म्हटलं खरं. एक म्हणाली, सासूबाईंना विचारून येते, ती गेली ती गेलीच. दुसरीला रोज संध्याकाळी भजन हवं होतं. मी म्हटलं, आधी चुलीला लाकडं आण, मग देव आठव. तिसरी आणि चौथी पेज जाड असावी की पातळ यावरून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. तरी काम चाललं. दिवस कलताना माणसं यायची, पेज प्यायची, आम्ही अंथरुणं दाखवून दिवेलागणीच्या आत आपापल्या घरी. सकाळी जाऊन पाहावं तर गोदामात चिटपाखरू नाही. अंथरुणं पायाने कोपऱ्यात सारलेली. चार दिवस हेच.

त्या दुपारी मी शेवटचा टाका घालत होते, तेवढ्यात दीर आले.

"वहिनी, तुमच्या धर्मशाळेत निजतं कोण? उंदीर?"

"येतील माणसं. सवय नाही त्यांना छपराची."

"मग मलाही सवय नाही रिकामं गोदाम दुसऱ्याला देण्याची. फावडी, घमेली ठेवायला जागा हवीय मला. उद्या सकाळी किल्ली न्यायला येतो."

गोदाम गेलं की माणसं पुन्हा बांधावर, आणि त्यांच्यात एक म्हातारी होती, तिची तीन वर्षांची नात चार दिवस खोकत होती. मला राग दिरांचा नव्हता. पेज पिऊन पळणाऱ्यांचा होता.

दीर गेले आणि उत्तनची कोळीण सुके बोंबील घेऊन दारात आली. टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, तुमची मानसं पहाटे चुन्याच्या भट्टीला टेकून निजलेली. मी येतान बघितली. मंग तुमच्या गोदामान कोन हाय?"

"कोणी न्हाय," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

भट्टी गावाबाहेर. म्हातारी तिथेच सापडली, कोमट भिंतीला पाठ लावून. नात मांडीवर. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं मी तिला ऐकवलं. आम्ही बोटं फोडून घेतो, आणि तुम्हाला छपरापेक्षा भट्टीची राख गोड लागते!

तिने नातीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, तुमी कवा निजलाय का त्या अंथरुणावर?"

"मी कशाला निजू?"

"मग या निजून. दिस बुडाला की रडतंय ते. पोरीचं अंग भिजलं की वो समदं."

मला वाटलं, काहीतरी निमित्त सांगतेय. तरी परतताना गोदामात गेले, एका अंथरुणावर बसले आणि पेज पिऊन माणसं भट्टीकडे गेली तरी हट्टाने बसून राहिले. आधी ते दुपारसारखंच कडकडीत होतं. दिवे लागले, बाहेर दव पडू लागलं, आणि हाताखालचं गोणपाट मऊ झालं, मग गार, मग सरळ ओलं. लुगडंसुद्धा दमट झालं. जीभ लावून पाहिली. मीठ.

मिठाचीच गोणी ती. खारट तागात हवेतलं पाणी ओढलं जाणारच. तीस वर्षं मी मिठागरवाल्यांच्या घरात नांदते. मिठाची बरणी चुलीवरच्या फळीवरून हलवली म्हणून सुनांना बोल लावते. आणि माणसांना मिठावर निजवलं! आम्ही शिवायचो उन्हात, निघायचो उजेडात. ओल यायची आमच्या पाठीमागे. आणि त्या बिचाऱ्यांनी तक्रार करायची कोणाकडे? फुकटची पेज पिणारा माणूस अंथरुणाला नाव ठेवत नाही.

तशीच भट्टीकडे वळले. म्हातारीला म्हटलं, "तुझं खरं आहे. उद्या धुते. कोरडं झालं तर येशील?"

"कोरडं असंल तर का न्हाई येनार?" ती म्हणाली. "आमी काय हौसंनं राखंत निजतोय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तळ्यावर होते. तळ्याचं पाणी पावसाचं, गोडंच; पिण्याच्या विहिरीवर गोण्या कोणी बुचकळू दिल्या नसत्या. भजनवाली आली होती, आणि न बोलणाऱ्या दोघीही, अजून न बोलताच. टाके उसवले, पेंढा काढला, गोण्या तीन-तीन पाण्यांतून काढून दगडावर आपटल्या. म्हातारी न बोलावता आली. तिने नातीला उन्हात बसवलं आणि पेंढा पसरायला घेतला.

दीर आले. तळ्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "वहिनी, किल्ली?"

"किल्ली कनवटीला आहे आणि हात ओले आहेत. आधी हे टोक धरा भाऊजी, पिळायचंय."

त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, मग बाह्या सारल्या आणि टोक धरलं.

"उलट्या बाजूने पिळा," मी म्हटलं. "आणि अजून पंचेचाळीस आहेत."