सेनापतीच्या बँडमधला आल्बर्ट

आखातात, हूरा वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आल्बर्ट तुस्कानोएवढा गप्प माणूस दुसरा नव्हता. मूळचा वसईचा, मीना सलमान बंदरावरच्या गोदामात स्टोअरकीपर, आणि तरुणपणी नावाजलेला ट्रम्पेटवाला. १९७७ साली त्याच्या कार्मेलचं लग्न ठरलं. पोरीचा एकच हट्ट, चर्चमधून बाहेर पडताना डॅडींनी वाजवायचं. हा बाबा नाही म्हणाला, वर कारणही सांगेना. डॅडींना जावई पसंत नाही, असं धरून ती रडत बसली. माझं डोकंच फिरलं. मी नुसता शेजारी, पण घरात शिरून त्याला चांगला फैलावर घेतला.

तेव्हा कुठे तो बोलला. कार्मेल आतल्या खोलीत होती.

विशीत तो शांघायच्या हॉटेलात वाजवायला गेला होता. तिथून उत्तर चीनमधल्या एका सेनापतीने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. तिकडे तेव्हा ज्याची फौज त्याचा मुलूख, आणि करही त्याचाच. जपानी सैन्य मांचुरिया गिळून खाली सरकत होतं. सेनापतीने त्यांच्याशी गुपचूप सौदा केला. शहर न लढता द्यायचं, बदल्यात आपण फौजेसकट सुखरूप निघून जायचं. लोकांना सुगावा लागू नये म्हणून त्या दिवशी त्याने चौकात जत्रा भरवली आणि बँडला मंचावर चढवलं.

"मंचावरून मला जपानी ट्रक दिसले, पीटर," आल्बर्ट म्हणाला. "पण आपल्या वसईच्या बँडची शिस्त तुला ठाऊक आहे. मिरवणूक असो की लग्न, यजमानाने हात वर केल्याशिवाय थांबायचं नाही. यजमान तर केव्हाच पळाला होता. मी वाजवतच राहिलो."

"आणि लोक?"

"मागची वेस उघडी होती रे. अर्धं शहर तरी निसटलं असतं. संध्याकाळी जपान्यांनी त्याच चौकात गोळ्या घातल्या त्यांना."

तू पोरगा होतास, तुला सौदा कुठे माहीत होता, असं काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात कार्मेल बाहेर आली आणि त्याच्या पायाशी बसली.

"डॅडी, इट वॉजन्ट युअर फॉल्ट. यू ओन्ली प्लेड."

आल्बर्टने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ट्रकांची धूळ बघून काही माणसं उठली होती, बाय. गाणं संपू दे म्हणून परत खाली बसली. इतकं छान वाजवत होतो मी."