आत्याचा चाकू काचेत जाणार नाही

फोन आला तेव्हा माझ्या हातात आत्याचाच चाकू होता. लवळ्याच्या ज्या वसतिगृहात मी रेक्टर आहे, तिथं सकाळी मुलींची पार्सलं येतात आणि त्यांच्यावरची चिकटपट्टी कुणाच्याही नखांना दाद देत नाही. मग सगळ्या माझ्या टेबलाशी येतात. त्या दिवशी एका मुलीच्या आईनं अकोल्याहून पाठवलेला लाडवांचा डबा सोडवत होते, आणि फोनवर मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा आवाज आला. "संगे, गेली गं तुझी आत्या." एवढंच. मी डबा मुलीच्या हातात दिला, चाकू पदराला पुसला, मिटला, पर्समध्ये टाकला आणि आत्याच्या गावी, मालेला निघाले. रस्ताभर रडू आलं नाही. राग मात्र आला, कुणाचा ते कळेना... तो अजून पुरता उतरलेला नाही, हे पुढं वाचताना लक्षात येईलच.

चाकू माझ्याकडे कसा आला ते आधी सांगते, कारण त्यावरूनच आमच्या घरात सध्या धुसफूस चालू आहे. आत्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी बरोबर होते. दारातल्या यंत्रातून ती आत गेली आणि यंत्र ओरडलं. पहारेकऱ्यानं तिच्या कमरेची चंची उघडायला लावली. आत सुपारी, चुन्याची डबी आणि चाकू. चाकू आत नेता येणार नाही म्हणाला. आत्याला धड श्वास घेता येत नव्हता, तरी तिनं त्याला विचारलंच, "मग आत डाक्तर काय चमच्यानं कापत्यात?" तो बिचारा हसला, पण सोडेना. मग तिनं चाकू बाकावर ठेवला आणि मला म्हणाली, उचल. आमच्यात धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, नातं तुटतं म्हणतात. एकानं खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मी उचलल्यावर तिनं बजावलं, "वापर. नुसता धरून बसू नगं." माझ्याशी नीट बोललेलं तिचं हे शेवटचं वाक्य.

हा चाकू तिच्या मुलानं, संदीपनं आणलेला. संदीप माणला एका कंपनीत आहे. पहिल्यांदा जर्मनीला निघाला तेव्हा त्यानं सगळ्यांना काय आणू म्हणून विचारलं. कुणी अत्तर सांगितलं, कुणी चॉकलेटं. आत्यानं सांगितलं, मिटता येणारा चांगला चाकू आण. तिच्या घरात विळा होता, कोयता होता, विळी होती, पण ते सगळं घराचं. हा तिला स्वतःचा हवा होता, अंगावर बाळगता येईल असा. संदीपनं जीव लावून शोधला असणार, कारण त्यानं आणला तसा चाकू मी अजून दुसरीकडे पाहिलेला नाही. पिवळसर लाकडाची गुळगुळीत मूठ, त्यात काळ्या रेषा, तळहातात बसेल एवढा, आणि आतून निळ्या मखमलीचा लाकडी डबा. किंमत त्याच्या तोंडून निसटली आणि मामा म्हणाले, एवढ्यात दोन शेळ्या आल्या असत्या. संदीपनं आईला बजावलं, जपून ठेव, रोजच्या कामाला काढू नको. मग आत्यानं पहिल्या वर्षी मुलाचा शब्द पाळला आणि डबा कपाटात ठेवला.

पण मुळशीच्या पावसाला कपाट कळत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना मिशा फुटतात, लग्नातल्या शालूंना वास येतो, बंद ठेवलेलं काहीही धड राहत नाही. खंडेनवमीला आत्यानं पूजेसाठी विळे-कोयते मांडले, त्यांच्या शेजारी ठेवायला डबा उघडला, तर मखमलीवर बुरशी आणि पात्यावर गंज. शेजारी तिचा रोजचा कोयता चकचकीत. तिनं राखेनं आणि तेलानं पातं घासलं, हळदकुंकू वाहिलं, आणि दसऱ्याला चाकू चंचीत गेला. डब्यात सुया, दोरे आणि बटणं आली. संदीप दिवाळीला घरी आला आणि बघतो तर आई त्या चाकूनं फणसाच्या वाळलेल्या आठळ्या सोलतेय, म्हणजे चाकू कामावर. तो वैतागला. ही रोज वापरायची वस्तूच नाही, म्हणाला. आत्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "देव्हाऱ्यात देव हायेत, तेवढं बास. चाकूनं चाकूचं काम करावं."

हा वाद पुढं वर्षानुवर्षं चालला, आणि मी पहिल्यापासून आत्याच्या बाजूची. महागाची वस्तू रोज वापरायची नाही हे आपल्याकडे कुणी ठरवलं? आमच्या भागात जमिनी विकून बंगले झाले, त्यातल्या दिवाणखान्यांत जाऊन बघा. सोफ्याचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं. काचेच्या कपाटात कपबशा असतात आणि चहा स्टीलच्या पेल्यातून येतो. पाहुण्यांसाठी ठेवलंय म्हणतात, आणि मी पाहुणी म्हणून गेले तरी मला पेलाच मिळतो. एकदा मालेच्या पारावर एका गृहस्थांनी आत्याला हटकलं. बाईमाणसानं कमरेला चाकू बाळगावा का, हा एक प्रश्न, आणि एवढा भारी चाकू हरवला तर काय, हा दुसरा. त्यांच्या गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची साखळी होती. आत्यानं त्या साखळीकडे बघून विचारलं, "आन् ही काय कापती?" सगळा पार हसला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलंच नाही, आणि मीही देणार नाही. पुरुषाच्या खांद्यावरच्या कोयत्याला असलं कुणी विचारत नाही.

त्या चाकूनं काय काय कापलं म्हणून सांगू! फणस, तेल लावून. पोत्यांची शिवण. पेरू, माझ्यासाठी, मीठ लावून. एकदा उतारावर बांधलेली कालवड घसरली आणि दाव्याचा फास तिच्या गळ्याला बसला. जीभ बाहेर आली होती. आत्या जवळच गवत काढत होती, विळा गवतात कुठं पडला ते सापडेना, तिनं चंचीतून चाकू काढून दावं कापलं. कालवड उभी राहिली. ती आता गाय आहे, मामांच्या दारात बांधलेली. संदीपला मी हे मुद्दाम सांगितलं. तो हुशार, म्हणाला, साधा चाकू असता तरी दावं तुटलं असतं. खरंच होतं ते. उत्तर आत्यानं दिलं. "तुटलं असतं की. पर साधा असता तर उघडताना तुझी आठवण आली असती व्हय?" संदीप उठून बाहेर गेला. मला वाटलं रागानं गेला. मामा म्हणाले, नव्हं, डोळं पुसाय गेला.

आणि त्याच संदीपच्या लग्नात काय झालं! हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार हवी, टोकाला लिंबू खोचलेलं, नाहीतर त्याला मांडवाबाहेर पाऊल टाकता येत नाही. भाड्याची कट्यार आणायला मांडववाला विसरला. धावपळ झाली, कुणी स्वयंपाकघरातली सुरी आणली, तिचा दांडा तुटका. आत्यानं चंची उघडली, चाकूच्या टोकाला लिंबू खोचलं आणि पाटावर ठेवला. संदीपनं उचलला. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत तो चाकू त्याच्या हातात होता, आणि आत्या दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, झालं का तुझं, मला नारळाच्या शेंड्या काढायच्यात. लिंबू रात्रभर टोकाला राहिल्यानं पात्यावर काळपट डाग पडला. किती घासला तरी तो गेला नाही, आणि आत्यानं नंतर घासायचं सोडून दिलं.

आता दशक्रियेचं सांगते. नदीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. गुरुजी घड्याळ बघायला लागले. अशा वेळी माणसं गेलेल्याला शब्द देतात. मामा हात जोडून म्हणाले, गाईकडं मी बघतो, तू घोर करू नगंस. कावळा झाडावरच. माझा त्यावर विश्वास नाही. मग संदीप पुढं झाला. "आई, तुझा चाकू मी जपून ठेवीन. काचेत ठेवीन, कुणाला हात लावू देणार नाही." आणि कावळा आला. आला आणि शिवला. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, बायकांनी डोळ्यांना पदर लावले, प्रश्न मिटला. माझ्या पर्समध्ये चाकू होता आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पाहिलं ते सांगते. पिंडाजवळ एक कुत्रं घुटमळत होतं. संदीप पुढं झाला तेव्हा ते त्याच्या पायात आलं, कुणीतरी त्याला हाकललं आणि मग कावळा उतरला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काही नाही. आणि समजा, कावळ्याच्या रूपानं ती आत्याच होती, तर मला एवढंच म्हणायचंय की आत्या जिवंतपणी संदीपला इतक्या चटकन कधी हो म्हणाली नव्हती. दवाखान्याच्या दारात तिनं मला काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. कावळ्याचं मी ऐकणार नाही.

गेल्या आठवड्यात संदीप लवळ्याला माझ्या खोलीवर आला. बरोबर तो डबा. सुया-दोरे काढून टाकलेले, आत नवी निळी मखमल बसवलेली. मी चटईवर बसून पेरू कापत होते. तो समोर बसला आणि समजुतीनं बोलला, त्याचा स्वभाव गरीब आहे. पातं केवढं झिजलंय बघ ताई, म्हणाला, निम्मं राहिलंय. पुण्यात एकजण पॉलिश करून देतो, डाग जातील, अगदी पहिल्यासारखा होईल, मग काचेत राहील. आईची एवढीच तर एक वस्तू आहे. त्याचा आवाज ओला होता. मला त्याची दया यायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्यातला डॉक्टर आला, हृदय थकलंय म्हणणारा, आणि मी बोलले.

"संदीप, तुझ्या आईला रोज वापरताना आपल्यातल्या कुणाला वाटलं न्हाई, ती झिजंल म्हणून. तिला कुणी मखमलीत ठेवली न्हाई. आता चाकूचा कळवळा कशाला?"

लागायचं ते लागलं. मी बोलले त्याचं मला वाईट वाटत नाही, आपल्यातल्या कुणाला म्हणाले, त्यात मीही आलेच. चाकू पुसून मी आमच्या दोघांच्या मध्ये चटईवर ठेवला. न्यायचा तर ने, म्हटलं. त्यानं उचलला. उघडला. झिजलेल्या पात्यावरून अंगठा फिरवत टोकाशी आला आणि त्या काळपट डागावर थांबला. हाही जाईल, म्हणाला, पॉलिशनं. मी म्हटलं, जाईल. तुझ्या हळदीचं लिंबू आहे ते.

त्याचा अंगठा डागावरच होता. बाहेर मुली जेवायला निघाल्या होत्या, त्यांचा गलका जिन्यावरून खाली गेला. मग त्यानं चाकू मिटला आणि मला द्यायला हात पुढं केला. अर्ध्यावर त्याला काहीतरी आठवलं. हात मागं घेतला, आणि चाकू चटईवर ठेवला. मी उचलला. राहिलेला पेरू कापला, मीठ लावलं, आम्ही दोघांनी खाल्ला. जाताना तो डबा विसरला, की ठेवून गेला, मी विचारलं नाही. त्यात मी परत सुया आणि दोरे भरलेत. चाकू माझ्या पर्समध्ये असतो, फणसाचा चीक बिजागरीत बसलाय तो तसाच आहे, सकाळी पार्सलं फोडतो. या खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहीन, एक दिवस सुट्टी देईन. संदीप आणि मामा जेवायला यायचेत. दसऱ्याला तो पुन्हा कामाला लागेल.